प्रयत्न आढळला नाही

"उजवा हात वर करा," भिंतीतला आवाज म्हणाला.

दैवशालानं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं आणि हात वर केला. अकरा वर्षं ती तो असाच वर करत आली होती. ब्लाउज घालताना, पंगतीत बसताना, देवळात तीर्थ घेताना. तीर्थ डाव्या हातावर घेत नाहीत, म्हणून ती डाव्यानं उजवा उचलून पुजाऱ्यासमोर धरायची, बोटांची वाटीही डाव्यानंच करून ठेवायची. पुजाऱ्यालासुद्धा आता त्यात काही वाटत नसे.

"ओ बाई!" काचेपलीकडची टेक्निशियन ओरडली. "त्या हातानं न्हाई! हात लावायचाच न्हाई त्याला. नुसता वर करा."

"नुसता कसा?"

"कसा म्हंजे? प्रयत्न करा."

दैवशाला बसून राहिली. डोक्यावर तारांचा टोप होता, उजव्या खांद्यापासून बोटांपर्यंत गोल चकत्या चिकटवल्या होत्या. भिंतीतला आवाज पुन्हा तेच म्हणाला. तिला खरंच कळेना की करायचं काय. तुम्हाला कुणी म्हटलं, कान हलवा, तर तुम्ही कुठून सुरुवात कराल? तसं झालं तिला. तिनं दात आवळले, मान ताठ केली, श्वास धरला. हात मांडीवर पडून होता, वाळलेल्या दोडक्यासारखा.

"झालं," टेक्निशियन म्हणाली. "बाहेर बसा."

बाहेर बाकावर गफूरचाचा बसले होते. एसटी स्टँडच्या गेटाशी दैवशालाचा चहाचा स्टॉल आणि त्याला लागून गफूरचाचांचा चाव्या बनवायचा. दोन्ही स्टॉल नगरपालिकेनं दिव्यांग कोट्यातून दिलेले. सरकारचा नवा हुकूम निघाला होता की जुनी सगळी प्रमाणपत्रं रद्द, प्रत्येकानं जिल्ह्याच्या रुग्णालयात येऊन टोपाखाली बसायचं, आणि जो नापास होईल त्याचा स्टॉल, पास, पेन्शन सगळं बंद.

"काय म्हनलं मशीन?" चाचांनी विचारलं.

"काय की. तुम्हाला?"

चाचांनी लुंगी जरा वर घेतली. डावा पाय काठीएवढा बारीक, आठ महिन्यांचे असताना पोलिओनं गेलेला. "मला म्हनलं, पाय उचला. मी म्हनलं, बाबा, ह्या पायाची नि माझी कधी बोलचालच झालेली न्हाई. साठ वर्षं एका घरात राहतो, पर वळख न्हाई."

दोघंही हसले. तेवढ्यात आतून कागद आले. दोघांच्याही कागदावर एकच मजकूर होता.

अपंगत्व: निरंक. प्रयत्न आढळला नाही. शेरा: हेतुपुरस्सर असहकार.

*

या यंत्राचं सरकारी नाव 'सत्यांग'. नाव ठेवणाऱ्यांचे हात शाबूत होते हे वेगळं सांगायला नको.

ते आलं ते चांगल्या कारणासाठी आलं, असं सगळेच म्हणतात. खोट्या प्रमाणपत्रांचा सुळसुळाट झाला होता. धडधाकट पोरं कोट्यातून साहेब होऊन बसली होती. त्यांना पकडायचं तर डॉक्टरवर भरवसा नाही, कारण सही विकत मिळते. मग कुणीतरी हुशार माणसानं मेंदूलाच विचारायचं ठरवलं.

कल्पना साधी आहे. तुम्ही हात उचलता तेव्हा हात हलण्याआधी, डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा वेळ आधी, मेंदूच्या वरच्या पट्टीतल्या लाखो पेशी एकदम उठतात. तो झाला हुकूम. हुकूम मणक्यातून नसांमध्ये उतरतो, नसांमधून स्नायूंत, आणि मग हात उठतो. टोप हुकूम मोजतो, चकत्या स्नायू मोजतात. हुकूम सुटला आणि स्नायू हलला नाही, तर माणूस खरा अपंग. हुकूमच सुटला नाही, तर माणूस सोंग करतोय. हुकूम आणि हालचाल यांच्यात जेवढं अंतर, तेवढे टक्के.

मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत हे यंत्र तपासलं गेलं. कुणावर? ज्यांना गेल्या महिन्यात अर्धांगवायू झाला, ज्यांची गाडी गेल्या आठवड्यात घसरली, अशांवर. त्यांचे मेंदू जिवाच्या आकांतानं हुकूम सोडत होते. यंत्र जवळजवळ दर वेळी बरोबर निघालं. टाळ्या झाल्या, निविदा निघाल्या.

पण ज्या दारातून वर्षानुवर्षं उत्तर येत नाही, तिथं मेंदू हाक मारायचं सोडतो. तो शहाणा असतो, सरकारसारखा नसतो. मेलेल्या हाताची मेंदूतली जागासुद्धा पडीक राहत नाही. शेजारी असलेल्या चेहऱ्याच्या पेशी तिच्यावर हळूहळू पसरतात. दैवशालाला हे कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक होतं. उजव्या गालावर पाण्याचा हबका मारला की तिला मेलेल्या अंगठ्यावर ओल जाणवायची. पहिल्यांदा ती घाबरली, नंतर तिला त्याची गंमत वाटू लागली.

म्हणजे जो सगळ्यांत जुना अपंग, ज्यानं रडणं संपवून जगणं शिकून घेतलं, तोच या यंत्राच्या लेखी सोंगाड्या.

आणि खरे सोंगाडे? त्यांनी महिन्याभरात वाट काढली. तपासणीआधी तासभर काखेत भुलीची सुई टोचून घ्यायची. मेंदू हुकूम सोडतो, हात पोत्यासारखा पडून राहतो, ऐंशी टक्के छापून येतात. संध्याकाळी भूल उतरली की त्याच हातानं बुलेटची मूठ पिळत घरी.

दैवशाला कागद घेऊन डॉक्टर नाईकवाडेंच्या खोलीत गेली. त्यांनी तिचा हात उचलून पाहिला, सोडला. तो धप्पकन पडला. खांद्याचं हाड कातडीखालून वर आलेलं त्यांनी बोटानं चाचपलं.

"मला दिसतंय हो ताई," ते म्हणाले. "मला काय डोळे नाहीत? पण सिस्टीममध्ये डोळ्यांचा रकाना नाही."

"मग सही करा की तुम्ही. जुन्या कागदावर तुमचीच सही हाय."

"ते अधिकार काढून घेतलेत. तीन महिन्यांत एक फेरतपासणी मागता येते. एकच. त्यातही निरंक आलं, तर..." ते खिडकीबाहेर बघू लागले. "फसवणुकीचा गुन्हा."

*

दैवशालाचा हात गेला तेव्हा त्यांची पिठाची गिरणी होती. पट्ट्याला ओढणी गुंतली, ती सोडवायला हात गेला आणि पट्ट्यानं हात ओढून घेतला. हात तुटला नाही. तुटला असता तर बरं झालं असतं, असं मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तिच्या तोंडावर म्हणाला होता. हाताच्या नसा मणक्यातून मुळासकट उपटल्या गेल्या होत्या. पहिली तीन वर्षं त्या निर्जीव हातात भट्टी पेटलेली असायची. मग ती विझत गेली. कशी विझली, तर दैवशालानं त्या हाताकडून काहीही मागायचं सोडून दिलं तेव्हा.

गिरणी विकली आणि तिच्या प्रमाणपत्रावर स्टॉल मिळाला. दुधाची पिशवी दातानं, बिस्किटाचा पुडा गुडघ्यात धरून, बाटलीचं झाकण काखेत दाबून, सगळं ती एका हातानं करायची. एकच गोष्ट जमायची नाही. वेणी. ती नवरा घालायचा. व्यंकट पांचाळ, सुताराचा मुलगा, रंधा मारल्यासारखी सरळ वेणी घालायचा. रोज सकाळी, दारात पाटावर बसवून, सगळ्या गल्लीदेखत. लोक आधी हसले, मग बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं नाव सांगून टोमणे मारू लागल्या.

कागद आला त्या दिवशी व्यंकटनं तो दोनदा वाचला.

"हेतुपुरस्सर म्हंजे?"

"मुद्दाम."

"तू मुद्दाम काय केलंस?"

"काहीच न्हाई केलं. ते उचल म्हनले, मला उचलता येईना."

"आगं उचलता येत न्हाई हे त्यांना ठावं हाय. ते म्हनायलेत, तू उचलायचा इचारच केला न्हाईस." त्यानं कागद खाली ठेवला. "केलतास का?"

"कसा करायचा इचार? तुम्ही करून दाखवा."

व्यंकटनं आपला उजवा हात वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला. "ह्ये बघ, आसा."

आतून सासू बोलली, "मशीन कशाला खोटं बोलंल? त्याला काय कुनाकडून घ्यायचं हाय?"

"तुम्ही गप बसा, आई," व्यंकट म्हणाला. पण त्याचा आवाज आईवर चढला नाही, हे दैवशालाला ऐकू आलं.

पुढं काही दिवस तो तिच्या हाताकडं बघायचा. ती झोपलेली असेल असं समजून बघायचा, चहा गाळताना बघायचा. एकदा स्टॉलवर तिच्या हातून कपबशी निसटली तेव्हा त्याची नजर कपाकडं गेलीच नाही, उजव्या हाताकडं गेली. दचकून तरी हलतो का, हे तो बघत होता. आणि एका सकाळी ती पाटावर येऊन बसली, तर कंगवा तिच्या मांडीवर ठेवून तो म्हणाला, "आज तू बघ की जरा घालून."

"कशी?"

"मशीन म्हनतंय ना. आपन किती दिस आसंच धरून चालायचं की व्हत न्हाई?"

तिनं केस तसेच मागं गोळा केले, रबर दातात ताणून डाव्या हातानं कसंबसं अडकवलं आणि स्टॉल उघडायला निघून गेली. अकरा वर्षं ज्या माणसानं तिची वेणी घातली होती, त्याला एका कागदानं तिचा हात अनोळखी करून टाकला.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचा ट्रक आला. दैवशालानं फेरतपासणीचा अर्ज दिला होता, गफूरचाचांनी दिला नव्हता. "ह्या वयात पायाशी नव्यानं दोस्ती कुठं करू, बेटी," म्हणाले होते. त्यांचा पत्र्याचा स्टॉल दोरानं बांधून उचलला. चाव्यांचे झुबके रस्त्यावर सांडले. चाचा काठीवर वाकून एकेक वेचत होते, आणि ट्रकवाला खाली दैवशालाच्या स्टॉलकडं बघून म्हणाला, "ह्यो नंतर का ओ?"

*

'संकल्प अकॅडमी' जुन्या सिनेमा टॉकीजच्या वरच्या मजल्यावर होती. आमच्या भागात क्लास कशाचा निघेल सांगता येत नाही. डॉक्टर व्हायचा क्लास होता, पोलीस व्हायचा होता, आता अपंग ठरायचा निघाला. जिन्यात फ्लेक्स लावलेले, त्यावर टॉपरांसारखे फोटो. गोविंद, ८१ टक्के. शांताबाई, ६८ टक्के. खाली लिहिलेलं, 'यशाची परंपरा'.

चालवणारे कल्याणकर सर आधी फिजिक्स शिकवायचे.

"हे बघा ताई," ते म्हणाले, "तुमचा प्रॉब्लेम हाताचा नाहीच. तुमचा प्रॉब्लेम इच्छेचा आहे. तुमचा मेंदू समाधानी झालाय. आपल्याला त्याला असमाधानी करायचंय."

"करून काय मिळतं?"

"टक्के मिळतात."

त्यांनी तिच्या डोक्याला एका मीटरच्या तारा लावल्या आणि एक लाकडी पेटी आणली. पेटीच्या मधोमध आरसा उभा बसवलेला. तिचा उजवा हात आरशामागं ठेवला, डावा आरशापुढं. आता डाव्याचं प्रतिबिंब बरोबर उजव्याच्या जागी दिसत होतं. दोन्ही हात असलेली एक बाई तिथं बसली होती.

"डाव्याकडं बघायचं नाही. आरशात बघायचं. तो तुमचा उजवा आहे. मूठ उघडा. मिटा. उघडा."

हे थोतांड नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. डोळ्यांनी दिलेल्या पुराव्यावर मेंदू भुलतो. हात हलताना दिसला की त्याला वाटतं, अरे, हा तर जिवंत आहे, आणि तो पुन्हा हाका मारू लागतो. जगभर ही पेटी दुखणं कमी करायला वापरतात. कल्याणकर सरांनी तिचा उपयोग उलटा काढला होता, एवढंच.

बरेच दिवस काहीच झालं नाही. दुपारी स्टॉल व्यंकटवर सोडून ती यायची, पेटीत हात घालून बसायची, आरशातल्या परक्या हाताची मूठ उघडमीट बघायची आणि सावत्र बहिणीला भेटून आल्यासारखी परत जायची. मग एका दुपारी आरशातली बोटं उघडली आणि खांद्यातून खाली काहीतरी सरकन धावलं. तिच्या तोंडून हसू फुटलं. हात आला! अकरा वर्षांनी हात आला होता. पाचही बोटं तिला आतून जाणवत होती.

पण ती उघडी नव्हती. घट्ट मिटलेली होती.

पट्ट्यात हात गेला त्या क्षणी मेंदूनं त्याला दिलेला शेवटचा हुकूम होता, मूठ आवळ आणि मागं ओढ. हात त्याच हुकुमावर थांबला होता. आता तो जागा झाला तो तसाच, मूठ आवळून, पट्ट्यात अडकून. न हलणाऱ्या बोटांची नखं तळव्यात रुतू लागली. आणि त्यामागून ती भट्टी आली, विझलेली नव्हतीच, नुसती झाकलेली होती. तापल्या तव्यावर हात दाबून धरावा आणि दाबणाऱ्यानं सोडू नये, तशी.

ती जमिनीवर लोळली. कल्याणकर सरांनी हातातल्या मीटरकडं पाहिलं.

"वा!" ते म्हणाले. "पहिल्याच झटक्यात पन्नासच्या वर. आता सोडायचं नाही ताई."

*

भट्टी आता मधूनच पेटायची. उकळता चहा गाळताना पेटायची आणि गिऱ्हाइकासमोर तिचं तोंड वेडंवाकडं व्हायचं. एकदा ती ओठ चावून स्टॉलच्या मागं बसली होती, तर व्यंकट आला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा उजळलेला होता.

"दुखतंय?"

तिनं मान हलवली.

"म्हंजे जिवंत हाय! मी काय म्हनत होतो?" तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "आगं, कदाचित पुढं हलंलबी. आपन उगी हातपाय गाळून बसलो होतो."

"आपन कुठं? तुमचे तर चारी बरोबर हायेत."

"तुझं बोलनं लई तिरकं व्हायलंय," म्हणून तो उठला.

फेरतपासणीला ती एकटीच गेली. तीच खोली, तोच टोप, तीच टेक्निशियन.

"उजवा हात वर करा."

दैवशालानं डोळे मिटले आणि ती गिरणीत गेली. आपल्या पायांनी गेली. घरघरणारा पट्टा, पिठाचा वास, ओढणीचं टोक. टोक सोडवायला तिनं हात पुढं केला. पट्ट्यानं तो घेतला, आणि ती सगळ्या अंगानं, सगळ्या जिवानं मागं ओढू लागली. ओढ. ओढ. ओढ! खोलीत तिच्या खुर्चीचे पाय करकरले. मांडीवरच्या हाताचं करंगळीचं टोकसुद्धा हललं नाही.

काचेपलीकडं टेक्निशियन उभी राहिली होती. "बास, बाई," ती माइकवर म्हणाली, आणि मग हळूच, "बास की हो आता."

डॉक्टर नाईकवाडेंनी कागद पुढं सरकवला. अपंगत्व ७४ टक्के. स्वरूप: तात्पुरतं.

"तात्पुरतं?" दैवशाला म्हणाली. अंगातून घामाच्या धारा चालल्या होत्या. "हात तात्पुरता मेलाय का?"

"मेंदू इतका जोरात हुकूम देतोय, म्हणजे सुधारणेला वाव आहे असं सिस्टीम धरते. दर वर्षी दाखवायला यायचं."

"दर वर्षी हेच?"

"हेच."

"आन ही आग? हिच्यावर काही गोळी?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. मग पेन हातात तसाच धरून ते म्हणाले, "ही घेतलीत तर आग शांत होईल. पण ही नसांनाच झोपवते. हुकूमही झोपेल. पुढच्या तपासणीला..."

"निरंक."

"हो."

"म्हंजे स्टॉल पायजे तर जळत राहायचं."

"मी असं म्हणालो नाही."

"तुम्ही कधीच काही म्हनत न्हाईत, डॉक्टर. तुम्ही नुसतं बघता."

चिठ्ठी टेबलावर राहिली. कागद तिनं दातात धरला, डाव्या हातानं पदर खोचला, मग कागद पिशवीत टाकला आणि एसटी धरली.

*

दोन दिवसांनी सकाळी ती स्टॉल उघडायला गेली तर समोर, स्टँडच्या कुंपणावर, नवा फ्लेक्स लागलेला. तिचाच फोटो, आधार कार्डावरचा, रंग गोरा केलेला. 'संकल्प अकॅडमीची गुणवंत विद्यार्थिनी सौ. दैवशाला व्यंकट पांचाळ, ७४ टक्के! हार्दिक अभिनंदन.' खाली लिहिलेलं, 'पुढील बॅच सोमवारपासून'.

फ्लेक्सखाली व्यंकट नव्या शर्टात उभा होता. हातात पेढ्यांचा पुडा. कंडक्टर, रिक्षावाले, दूधवाला, जो येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत होता. कुणीतरी त्याचा फ्लेक्ससोबत फोटो काढत होतं.

"आली बघा!" रिक्षावाला ओरडला. "वहिनी, अभिनंदन! मेरिटात आलाव की!"

"परमनंट का ओ?" कंडक्टरनं विचारलं.

"परमनंट कशाला," व्यंकट हसत म्हणाला. "हात आता सुधारायच्या मार्गाला लागलाय. डॉक्टरच म्हनला. अकरा वर्षं हिनं मनावरच घेतलं न्हाई, दुसरं काय." तो तिच्याजवळ आला, एक पेढा तिच्या तोंडाशी धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, लाडानं म्हणाला, "पटलं का आता? प्रयत्न केलास, तर झालं ना?"

गर्दी हसली. मायेनंच हसली.

दैवशालानं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. तिथं फक्त सुटका होती. ज्या बाईचं त्याला इतकी वर्षं वाईट वाटत होतं, तिचं आता वाईट वाटून घ्यायचं कारण उरलं नव्हतं.

आणि तेव्हा तिच्या मेंदूतून हुकूम सुटला. पट्टा आठवावा लागला नाही, आरसा लागला नाही, क्लास लागला नाही. सगळ्या पेशी एकदम उठल्या. खांद्यातून, कोपरातून, मनगटातून तो हुकूम आगीसारखा खाली धावला, आणि आवळलेली ती मूठ अकरा वर्षांत पहिल्यांदा उघडली. पाचही बोटं तिला आतून ताठ झालेली जाणवली, पंजा रुंद झालेला जाणवला. त्या घटकेला डोक्यावर टोप असता तर सरकारचा काटा तुटून पडला असता. इतक्या जिवापाड कुणी कधी हात उचलायचा प्रयत्न केला नसेल.

उजवा हात जागचा हलला नाही.

मग तिनं डावा वापरला. सगळ्या स्टँडला आवाज ऐकू गेला.